इंग्रजी शब्दांशी तोंडओळख आहे, घरोबा कसा करायचा?

‘रिलक्टंट’ हा शब्द बातमीत आला तर तुम्ही अडत नाही. अर्थ लागतो, वाक्य पुढे सरकतं. पण उद्या ऑफिसात मेल लिहायचा आहे आणि ‘पुरवठादार तयार झाला, पण आढेवेढे घेत’ एवढंच सांगायचं आहे, तेव्हा तो शब्द हाकेला ओ देत नाही. हात ‘अ‍ॅग्रीड विथ डिफिकल्टी’कडे वळतो आणि वाक्य लंगडतं.

मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी वर्तमानपत्र बऱ्यापैकी वाचणाऱ्या माणसाची अडचण बहुतेक वेळा हीच असते. शब्द तोंडओळखीचे असतात, पण वापरायच्या वेळी जवळ नसतात. हा लेख त्या वाचकासाठी आहे. साधी वाक्यं जुळवतानाच अजून त्रास होत असेल तर आधी नेहमीच्या वापरातले दोन-तीन हजार शब्द पक्के करा. त्याआधी पुढच्या पायऱ्यांना हात घालण्यात वेळ जाईल आणि मन खट्टू होईल.

मी पाचवीत एबीसीडी गिरवली. कॉलेजात असताना शब्दकोश ‘ए’पासून पाठ करायला घेतला. दोनशे पानी वहीत तीन रकाने आखले: शब्द, उच्चार, मराठी अर्थ. ‘सी’ संपेपर्यंत ‘ए’मधलं जवळजवळ सगळं पुसलं गेलं होतं. कष्टांत कसूर नव्हती, पद्धतच चुकीची होती. एकसारख्या स्पेलिंगचे शब्द एकापाठोपाठ पाठ केले की ते डोक्यात एकमेकांत मिसळतात. ‘अ‍ॅडाप्ट’ म्हणजे जुळवून घेणं आणि ‘अ‍ॅडॉप्ट’ म्हणजे स्वीकारणं, हे दोन्ही एकाच संध्याकाळी पाठ करा आणि आठवड्याने स्वतःला विचारून पाहा. आज शब्दांच्या याद्या पाठ करणारी मुलं पाहिली की मला ती वही आठवते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक पान मोजा

तुम्हाला वाचायला आवडेल असं इंग्रजी पुस्तक किंवा अग्रलेख घ्या. साधारण 300 शब्दांचं एक पान वाचा आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. सहा किंवा त्याहून कमी रेघा पडल्या तर तो मजकूर तुमच्यासाठी योग्य. पंधरा-वीस पडल्या तर तूर्त बाजूला ठेवा, सोपं काही घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

सहाच का? न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी 2006 साली मांडलेल्या हिशेबानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय समजून वाचायचं तर त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नासात एक अनोळखी चालतो. आजूबाजूच्या एकोणपन्नास शब्दांवरून त्या एकाचा अंदाज बांधता येतो. अनोळखी शब्दांची गर्दी झाली की अंदाज बांधायला आधारच उरत नाही. या पातळीला पोहोचायला 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबं लागतात, असंही नेशन सांगतात. ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ हे सगळे मिळून एक कुटुंब. आकडा मोठा वाटतो, पण तुमच्याकडे त्यातली निम्मी कुटुंबं आधीच असण्याची शक्यता आहे.

कोणता शब्द घ्यायचा, कोणता सोडायचा

अडलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवू नका. मी दोन चाळण्या लावतो. हा शब्द मला याआधी कुठे दिसला आहे का? आणि माझ्या कामात, माझ्या बोलण्याच्या विषयांत तो मी वापरीन का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच शब्द घ्यायचा. ‘पल्क्रिट्यूड’ म्हणजे सौंदर्य, हे माहीत असून कुणाचं काही अडलेलं सुटत नाही. तो शब्द इंग्रज माणूसही सहसा वापरत नाही. ‘प्लॉझिबल’ मात्र रोज लागतो: पटण्याजोगं, खरं असू शकेल असं वाटणारं.

तरीही ठरवता येत नसेल तर ऑक्सफर्डची विद्यार्थ्यांसाठीची डिक्शनरी ऑनलाइन फुकट पाहता येते. तिथे महत्त्वाच्या शब्दांशेजारी ए1 (सर्वांत सोपा) पासून सी1 (अवघड) पर्यंत पातळीचा शिक्का असतो. तुमचं लक्ष बी2 आणि सी1 वर हवं. उच्च शिक्षणासाठी वाचन करणाऱ्यांनी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची ‘अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट’ जरूर पाहावी. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या यादीत फक्त 570 शब्दकुटुंबं आहेत, पण विद्यापीठीय लेखनातला साधारण दर दहावा शब्द त्यांतला असतो. एवढ्या कमी श्रमात एवढं फळ देणारी दुसरी यादी मला माहीत नाही.

दिवसाला पाच शब्द, आठवड्यातले पाच दिवस. वर्षाला 1,300 होतात. याहून जास्त घ्यायचा मोह होईल, पहिल्या आठवड्यात तर नक्कीच. तो आवरा, कारण शब्द घेणं सोपं आणि सांभाळणं कठीण.

एका शब्दाचं कार्ड

पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं जाड कागदाचं कार्ड घ्या. पुढच्या बाजूला नुसता शब्द लिहू नका, तो जिथे भेटला ते आख्खं वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रिकामी रेघ ठेवा. मागच्या बाजूला शब्द, उच्चार आणि बाकीचा तपशील. ‘रिलक्टंट’चं माझं कार्ड असं आहे:

अर्थ: मनात नसताना, नाइलाजाने तयार असलेला.
पुढे काय येतं: ‘रिलक्टंट टू’ आणि त्यापुढे क्रियापद. ‘ही वॉज रिलक्टंट टू साइन.’
कुटुंब: ‘रिलक्टन्स’, ‘रिलक्टंटली’.
शेजारी: ‘हेझिटंट’ म्हणजे कचरणारा, ज्याचं अजून ठरलेलं नाही. ‘अनविलिंग’ म्हणजे ज्याची तयारीच नाही. ‘रिलक्टंट’ माणूस बहुधा काम करतो, पण ओढूनताणून.
माझं वाक्य: ‘माय फादर वॉज रिलक्टंट टू सेल द बुलक्स.’

शेवटची ओळ सर्वांत मोलाची. तिथे शब्दकोशातलं वाक्य उतरवू नका. तुमच्या घरातलं, शेतातलं, लोकलमधलं, ऑफिसातलं खरं काहीतरी लिहा. वडील बैलजोडी विकायला कसे तयार नव्हते आणि शेवटी दावं सोडताना त्यांनी तोंड कसं फिरवलं होतं, ते मला लख्ख आठवतं. त्या आठवणीला तो शब्द चिकटून बसला आणि पुन्हा कधी निसटला नाही.

मराठी अर्थ लिहावा की इंग्रजीतूनच अर्थ पाहावा, यावर बरीच हुज्जत चालते. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही करा. इंग्रजी व्याख्येने शब्दाची हद्द कळते, आणि मराठीने तो काळजात उतरतो. फक्त एकशब्दी मराठी अर्थावर थांबू नका. ‘आढेवेढे घेणे’, ‘नाइलाजाने’, ‘कचरणे’, ‘चालढकल करणे’ अशा छटा मराठीत भरपूर आहेत. त्या धुंडाळल्या की इंग्रजीतल्या छटाही दिसू लागतात. ज्याची मराठी बारीक आहे, त्याची इंग्रजीही लवकर बारीक होते, असं मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

संस्कृताचा दरवाजा

ही पायरी आपल्याला जन्माने मिळालेली आहे आणि आपण ती वापरतच नाही. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करताना सर विल्यम जोन्स म्हणाले होते की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून आलेल्या असाव्यात. इंग्रजीतले अवघड वाटणारे बहुतेक शब्द लॅटिन-ग्रीकमधून आलेले आहेत. म्हणजे नात्याने ते आपल्या तत्सम शब्दांचे चुलत भाऊ.

‘ज्ञा’ धातू घ्या. लॅटिन-ग्रीकमध्ये तोच ‘ग्नो’ होतो. ‘कॉग्निशन’, ‘रेकग्नाइझ’, ‘डायग्नोसिस’, ‘इग्नोरन्स’ या सगळ्यांत जाणणं आहे. 1869 साली टी. एच. हक्सली यांनी ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ (देव आहे की नाही हे जाणता येत नाही असं मानणारा) हा शब्द घडवला: ‘अ’ आणि ‘ग्नो’. आपला ‘अज्ञ’ त्याच मापाचा.

‘वाच्’ म्हणजे वाणी, तिकडे ‘व्होक’. ‘व्होकल’ तर झालाच. पण ‘अ‍ॅडव्होकेट’ म्हणजे ज्याला आपल्या बाजूने बोलायला बोलावलं तो, ‘रिव्होक’ म्हणजे दिलेली परवानगी वगैरे माघारी बोलावणं, ‘इव्होक’ म्हणजे मनातून आठवण किंवा भावना हाक मारून बाहेर काढणं, ‘इक्विव्होकल’ म्हणजे दोन्ही डगरींवर सारखाच आवाज, संदिग्ध. एका धातूत पाच शब्द हाती लागले.

‘मृ’ आणि ‘मॉर्टल’, ‘जन्’ आणि ‘जनरेट’, ‘प्रोजेनी’, ‘इंडिजिनस’. ‘नव’ आणि ‘नॉव्हेल’, ‘नॉव्हिस’, ‘इनोव्हेट’. ‘स्था’ आणि ‘स्टेबल’, ‘स्टेटस’, ‘स्टॅटिक’.

माझा सर्वांत आवडता ‘युज्’. त्यातून संस्कृतात युग, आणि मराठीत बैलाच्या मानेवरचं जू. इंग्रजीत ‘योक’. लॅटिनमध्ये ‘जुगम’, आणि त्यावरून ‘सब्जुगेट’: एखाद्याला जुवाखाली आणणं, गुलाम करणं. ‘काँजुगल’ म्हणजे एका जुवाला जुंपलेल्या दोघांचं, वैवाहिक. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे एकदा सांगितलं की ‘सब्जुगेट’ पाठ करावा लागत नाही.

सावधगिरी एवढीच की नुसत्या आवाजावर नातं जोडू नका. ‘समिती’ आणि ‘कमिटी’ यांचा काही संबंध नाही, तरी तो आहे असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. शब्दकोशात व्युत्पत्तीचा रकाना पाहून खात्री करा. आणि मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळलाच असं समजू नका. ‘मॅन्युफॅक्चर’चा मूळ अर्थ हाताने करणं असा होता, आज कारखान्यात हात लागतोच असं नाही.

शब्दाचा शेजार

आता या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. मराठीत टीकेची झोड उठते आणि कौतुकाचा वर्षाव होतो. ‘कौतुकाची झोड उठली’ असं कुणी लिहिलं तर अर्थ कळेल, पण लिहिणारा परका आहे हेही कळेल. ऊन रणरणतं, पाऊस मुसळधार असतो, अंधार मिट्ट असतो. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. कानांनी गोळा केलं.

इंग्रजीतही प्रत्येक शब्दाचे शेजारी ठरलेले आहेत, आणि आपण तिथे मराठी शेजारी नेऊन बसवतो. ‘परीक्षा देणे’ म्हणून ‘गिव्ह’. तिकडे परीक्षेला ‘टेक’ किंवा ‘सिट’ लागतं. ‘विषयी चर्चा करणे’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’. तिकडे ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. चूक ‘डू’ होत नाही, ‘मेक’ होते. पाऊस आणि वाहतूक ‘हेवी’, वारा आणि चहा ‘स्ट्राँग’, धुकं ‘डेन्स’ किंवा ‘थिक’.

म्हणून नवा शब्द घेताना त्याचे निदान दोन शेजारी घ्या. ‘मिटिगेट’ एकटा घेऊ नका. ‘मिटिगेट द रिस्क’, ‘मिटिगेट द इम्पॅक्ट’ असा घ्या: धोका किंवा परिणाम सौम्य करणं. मग ‘मिटिगेट अगेन्स्ट’ अशी चूक होणार नाही, कारण ‘अगेन्स्ट’ हा शेजारी ‘मिलिटेट’चा आहे, आणि त्याचा अर्थ आड येणं. शेजारी शोधायला ‘कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश’ हा एक अब्जाहून जास्त शब्दांचा संग्रह इंटरनेटवर आहे. तिथे शब्द टाका आणि लोकांनी तो खरोखर कशाबरोबर वापरला आहे ते पाहा. सुरुवातीला पडदा किचकट वाटेल, पण चार-पाच वेळा वापरला की सवय होते.

‘पुट अप विथ’, ‘गेट अवे विथ’ असे दोन-तीन तुकड्यांचे शब्दप्रयोग आपल्याला छळतात. इथेही मराठीचा आधार घ्या. ‘बोललो’, ‘बोलून टाकलं’, ‘बोलून बसलो’ यांत क्रिया एकच, पण टाकण्यात सुटका आहे आणि बसण्यात पश्चात्ताप. परक्याला हा फरक नियमाने शिकवता येत नाही, प्रसंगानेच कळतो. तसंच त्या शब्दप्रयोगांचं. ते यादीतून शिकू नका, गोष्टीतून आणि संवादातून घ्या.

कोणत्या ओसरीवरचा शब्द

1066 साली फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात फ्रेंच वावरली. धर्म आणि विद्येची भाषा लॅटिन होती. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला तीन थरांतले शब्द सापडतात: ‘आस्क’ घरातला, ‘क्वेश्चन’ फ्रेंच, ‘इंटरॉगेट’ लॅटिन. तसेच ‘किंगली’, ‘रॉयल’, ‘रीगल’. मराठीत घरगुती, फारसी आणि संस्कृत असे थर आहेतच: विनवणी, अर्ज, प्रार्थना. हॉटेलात बसून ‘मला जल द्या’ म्हणणं जसं कानाला खटकतं, तसंच मित्राला ‘लेट अस कमेन्स द डिनर’ म्हणणं खटकतं. मोठा शब्द म्हणजे चांगला शब्द, हा समज टाकून द्या. कार्डाच्या कोपऱ्यात एक खूण करा: घरगुती, कामकाजी की ग्रांथिक.

दुहेरी भाषांतर

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिला शिकवणारे रॉजर अ‍ॅशम लॅटिनसाठी ही पद्धत वापरत आणि तिचा आग्रह धरत. मला शब्द हाताशी आणण्यासाठी हिच्याइतका खात्रीचा उपाय सापडलेला नाही. इंग्रजी अग्रलेखातला पाच-सहा ओळींचा परिच्छेद घ्या. त्याचं चांगल्या मराठीत भाषांतर करा. मूळ झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त मराठी समोर ठेवून ते पुन्हा इंग्रजीत न्या. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून वाचा.

समजा मूळ वाक्य असं होतं: ‘द गव्हर्नमेंट रिलक्टंटली कन्सीडेड दॅट द स्कीम हॅड फॉलन शॉर्ट ऑफ इट्स टार्गेट.’ तुमचं मराठी: ‘योजना उद्दिष्टापर्यंत पोहोचली नाही, हे सरकारने आढेवेढे घेत मान्य केलं.’ दुसऱ्या दिवशीचं तुमचं इंग्रजी: ‘द गव्हर्नमेंट अ‍ॅक्सेप्टेड विथ डिफिकल्टी दॅट द स्कीम डिड नॉट रीच द टार्गेट.’ चूक फारशी नाही. पण ‘कन्सीड’ आला नाही, ‘फॉल शॉर्ट ऑफ’ आला नाही. हे दोन्ही वाचताना तुम्हाला समजले होते, म्हणूनच ते कधी तुमच्या यादीत आले नसते. आज ते कार्डावर जातील. आपल्याला काय येत नाही हे दाखवणारा एवढा स्वच्छ आरसा दुसरा नाही. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, एवढं पुरे. पाच-सहा ओळींहून मोठा परिच्छेद घेऊ नका.

उजळणीचा खोका

1885 साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेगाने विसरतात याची मोजदाद प्रसिद्ध केली. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. त्यामुळे उजळणीही आधी लवकर लवकर आणि मग लांब लांब अंतराने करायची. 1972 साली सेबास्टियन लाइटनर यांनी त्यासाठी कप्प्यांचा खोका सुचवला.

चपलांचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्याने पाच कप्पे करा. मी पहिला कप्पा रोज पाहतो, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ आणि पाचवा सोळा दिवसांनी. शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात. नाही आठवला की पुन्हा पहिल्यात, मग ते चौथ्यात असलं तरी. मोबाइल आवडत असेल तर ‘अँकी’ हे अ‍ॅप हेच काम करतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे. मात्र दुसऱ्याने बनवलेली तयार कार्डं उतरवून घेऊ नका. कार्ड लिहिण्यातच निम्मं शिकणं होतं.

मागची बाजू पाहण्याआधी आठवायचा प्रयत्न करा, दहा सेकंद तरी. नुसतं वाचत गेलात तर सगळंच येतंय असं वाटत राहतं.

उच्चार

शब्द चारचौघांत न वापरण्यामागे पुष्कळदा उच्चाराची धास्ती असते. ‘एपिटमी’ला ‘एपिटोम’, ‘सटल’ला ‘सबटल’, ‘डिटर्मिन’ला ‘डिटर्माइन’ म्हणून कुणी हसलं की माणूस तो शब्दच टाळतो. ऑनलाइन शब्दकोशात ध्वनीचं बटण असतं, कार्ड लिहितानाच ते तीनदा दाबा आणि मोठ्याने म्हणा. देवनागरीत उच्चार लिहिणं सोयीचं आहे, पण देवनागरी आघात दाखवत नाही, आणि मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्याने आपलं तिकडे लक्षही जात नाही. म्हणून जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. ‘अ‍ॅनलाइझ’मध्ये जोर पहिल्यावर, ‘अनॅलिसिस’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो.

कार्ड खोक्यातून कधी काढायचं

पाचव्या कप्प्यातून उत्तीर्ण झालं म्हणून नाही. मी रविवारी सकाळी चहा घेताना पाचवा कप्पा काढतो आणि प्रत्येक कार्डाला विचारतो: हा शब्द मी खऱ्या मेलमध्ये, अर्जात किंवा बोलण्यात वापरला का? वापरला असेल तर तारीख लिहितो. दोन तारखा पडल्या की कार्ड खोक्याबाहेर. एकही तारीख नसलेली तीन कार्डं निवडून टेबलावर डाव्या हाताला ठेवतो, आणि येत्या आठवड्यातल्या मेलमध्ये त्या तीन शब्दांना जागा करून देतो. सहज बसत नसेल तर कोंबत नाही, पुढच्या रविवारपर्यंत थांबतो. ‘रिलक्टंट’च्या कार्डावर दुसरी तारीख पडायला मला सात आठवडे लागले होते.